आईंना खाली आणायला लागलेली दोन वर्षं

आमच्या इमारतीला सत्तावन्न पायऱ्या आहेत. फाटकातून जोत्यावर यायला तीन, आणि मग दर मजल्याला अठरा. लग्न होऊन या तिसऱ्या मजल्यावर आले त्याला पस्तीस वर्षं झाली. रोज चढले-उतरले, पण कधी मोजल्या नव्हत्या. मोजल्या त्या २०२२ च्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सासूबाईंना हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. हात असलेल्या खुर्चीत त्यांना बसवलं, कमरेला ओढणी बांधली आणि पुढे दोघं, मागे दोघं अशी चौघांनी ती खुर्ची उचलली. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची, तेव्हा आईंची बोटं माझ्या यजमानांच्या कॉलरमध्ये रुतायची. डोळे मिटलेले, ओठांवर रामरक्षा. मी औषधांची पिशवी घेऊन मागून चढत होते आणि मनात आकडे चालले होते. सत्तावन्नाव्या पायरीवर खुर्ची टेकली. आईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आता मला खाली न्याल ते एकदाच."

त्यांना पुन्हा खाली नेता यावं, तेही त्यांच्या मनात येईल तेव्हा, यासाठी पुढे जवळजवळ दोन वर्षं दोन महिने गेले. काय केलं, कुठे चुकलं, कशाला किती पैसे लागले ते लिहून ठेवतेय. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, एरंडवणे, कुठेही गेलात तरी आमच्यासारख्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. आमची १९७९ ची. पेठांतल्या वाड्यांमधून बाहेर पडलेल्या तिशी-चाळिशीतल्या जोडप्यांनी पै-पै जमवून त्या उभ्या केल्या. ती जोडपी आता ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून तिथेच राहतायत.

आई पडल्या त्या बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून. गणपती बसून तिसरा दिवस, पहाटेची वेळ. आवाज ऐकून आम्ही धावलो, पण दार आत उघडणारं आणि आई नेमक्या दाराला लागून पडलेल्या. जोर करावा तर दार त्यांच्याच पायावर येणार. आतून त्या "थांबा, थांबा" म्हणत होत्या. वीस मिनिटं अशी गेली. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या काकांनी करवत आणून दाराची खालची फळी कापली, तेव्हा आत जाता आलं. ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही. म्हणून कोणी घरात काय बदल करावेत असं विचारलं, तर मी पहिलं हेच सांगते: म्हातारं माणूस वापरतं त्या बाथरूमचं दार बाहेर उघडू दे. सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

घरी व्यायाम घ्यायला ज्या फिजिओथेरपिस्ट ताई यायच्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला एक काम दिलं. "काकू, आजींचा एक अख्खा दिवस लिहून काढा. रात्रीसकट. कधी उठल्या, कुठून कुठे गेल्या, कशाला धरलं." मी जुन्या डायरीत लिहिलं. रात्री चार वेळा उठणं. पलंगापासून बाथरूमपर्यंत एकोणीस फूट, वॉकरने एकतीस पावलं. वाटेत सतरंजीची दुमडलेली कड, इन्व्हर्टरची वायर, दिवाणाचा कोपरा. दिव्याचं बटण अकरा फूट अंधारातून गेल्यावर. मग दोन इंचांचा शहाबादी उंबरा, आणि पुढे चोवीस इंचांचं दार, ज्यातून चौकट वजा जाता वॉकर सरळ जातच नव्हता; तो बाहेर ठेवून आई भिंत धरून आत जायच्या. पस्तीस वर्षं या घरात राहून यातलं काहीही मला दिसलं नव्हतं.

सतरंजी आणि वायर त्याच संध्याकाळी हलवली. पलंग बुटका होता, तो लाकडी ठोकळ्यांवर अठरा इंचांपर्यंत उचलला, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार कमी. वाटेवर घोट्याच्या उंचीला माणूस हलला की लागणारे दोन छोटे दिवे लावले. मोठा दिवा डोळ्यांवर आला की झोप उडते, आणि त्या लावायचा कंटाळा करतात हे डायरीनेच सांगितलं होतं. उंबरा काढून उतार दिला, चौकट फोडून दार बत्तीस इंचांचं केलं, कमोडवर चार इंचांची रिंग बसवली, फरशी खडबडीत.

धरायच्या दांड्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. गवंडी चांगला अनुभवी होता. म्हणाला, "तीन फुटांवर लावतो, सगळीकडे तसंच लावतात." ताई म्हणाल्या, आधी आजींना विचारा. आईंना विचारून काय कळणार, त्या म्हणणार तुम्ही लावाल तिथे. म्हणून आम्ही त्यांच्या दोन्ही तळहातांना तांदळाचं ओलं पीठ लावलं आणि कमोडवर बसून तीनदा उठायला सांगितलं. कुठे हात टेकायचा ते मनाशी ठरवायचं नाही, जाईल तिथे जाऊ द्यायचा. भिंतीच्या निळ्या टाइल्सवर पांढरे पंजे उमटले. उजवीकडे तिन्ही पंजे जवळजवळ एकमेकांवर, जमिनीपासून एकोणतीस इंचांवर. डावीकडे थोडे पुढे आणि खाली. आईंची उंची चार फूट दहा इंच. तीन फुटांवरचा दांडा त्यांना खांद्याजवळ आला असता. गवंड्याने पेन्सिलने त्या पंजांच्या मधून रेघ मारली आणि मग धुतलं. दुसरी गोष्ट त्यानेच शिकवली: ती चार इंची विटांची भिंत होती, नुसते स्क्रू आणि गट्टू पूर्ण वजनाला टिकले नसते. त्याने आरपार बोल्ट घातले आणि पलीकडच्या बाजूने लोखंडी पट्टी लावली. टॉवेलच्या दांड्याला धरून उठणारी म्हातारी माणसं मी किती घरांत पाहिली आहेत! तो दांडा टॉवेलचंच वजन पेलायला बनवलेला असतो.

हे सगळं सत्तर हजारांच्या आत झालं, महिन्याभरात. डिसेंबरपर्यंत आई घरातल्या घरात कुणाच्या आधाराशिवाय वावरायला लागल्या. आणि मग जिना आडवा आला.

गुरुवारचं भजनी मंडळ, थोरात उद्यानातला ठरलेला बाक, कोपऱ्यावरच्या फुलवाल्याशी रोजची दोन वाक्यं, हे सगळं खाली होतं. फुलवाला फुलपुडी दाराला अडकवून जायचा. आई ती उघडून एकेक फूल निरखायच्या आणि म्हणायच्या, "शेवंती कालची आहे. मी असते तर घेतली नसती." मला वाटत होतं, त्या जाऊ शकत नाहीत तर मैत्रिणी येतील. पण मैत्रिणीही सत्तरी-ऐंशीच्या. पहिल्या महिन्यात सहाजणी येऊन गेल्या, दम खात खात, प्रत्येक मजल्यावर थांबत. चौथ्या महिन्यात एकच आली. जिना आईंना खाली जाऊ देत नव्हता आणि त्यांच्या माणसांना वर येऊ देत नव्हता. त्या सहा महिन्यांत त्यांचं बोलणं कमी झालं, वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं पडून राहायला लागलं. डॉक्टरांना हाडाचं सगळं ठीक दिसत होतं.

एकदा मला म्हणाल्या, "मेट्रोत बसलो होतो ना आपण?" वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, त्या आठवड्यात आम्ही आयडियल कॉलनीच्या स्टेशनवर गेलो होतो. रस्त्यावरून लिफ्टने थेट वर, वरून अख्खा पौड रस्ता दिसलेला. "स्टेशनाला लिफ्ट केली त्यांनी. आपल्याला का नाही झाली?"

लिफ्टचा विचार आम्ही शेवटी केला हे मान्य करायला हवं. आधी बाकीच्या वाटा चाचपल्या.

तळमजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. त्याच्या मालकांना विचारलं की आपण अदलाबदल करू, वरचा आमचा त्यांनी घ्यावा, फरकाची रक्कम आम्ही देऊ. ते तयारही होते. पण अदलाबदलीच्या दस्तालाही खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं, आणि ते दोन घरांतल्या जास्त किमतीच्या घरावर. पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के. आकडा पाहून दोन्ही घरं मागे सरली. त्या चर्चेत एका नातेवाइकांनी सुचवलं की त्यापेक्षा घर आत्ताच मुलाच्या नावावर करून टाका. मी ठाम नाही म्हटलं. घर आईंच्या नावावर आहे आणि त्या आहेत तोवर राहील. ज्यांना बक्षीसपत्र करायचंच आहे त्यांनी २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यातलं कलम २३ वाचावं. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरणाकडून तो दस्त रद्द करून घेता येतो. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी, तोंडी भरवशावर राहू नये.

मग ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांचा विचार. पुण्यात हे नवीन नाही. अथश्रीसारख्या वसाहती वीसेक वर्षांपासून आहेत, आणि आमच्याच गल्लीतलं एक जोडपं अशा ठिकाणी जाऊन खरंच सुखात आहे. जेवणाची सोय, नर्स, संध्याकाळी पत्त्यांचा अड्डा. त्या काका-काकूंना मूल नाही, नात्यातलंही कोणी जवळ नाही, आणि ते पासष्टीत, हातीपायी धड असताना गेले. तिथे नव्याने ओळखी करायला त्यांना वेळ मिळाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जायचं असेल तर लवकर जावं. ब्याऐंशीव्या वर्षी, खुबा मोडल्यावर नव्या जागी नेऊन ठेवणं म्हणजे माणसाला मुळासकट उपटणं.

तरी २०२३ च्या उन्हाळ्यात शहराच्या कडेचे तीन प्रकल्प पाहिले, मोजपट्टी घेऊन. ताईंनी एक आकडा पाठ करून घेतला होता: रॅम्पचा उतार बारास एक, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. एका ठिकाणी, माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांची हसरी जोडपी होती तिथे, दोन फूट चढणारा रॅम्प बारा फुटांत संपवला होता. रिकामी व्हीलचेअर ढकलतानाच माझे हात भरून आले. बाथरूमची दारं सत्तावीस इंचांची, आत उघडणारी. दाखवणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतलं. मी तिला आणखी एक विचारलं: आईंना उद्या स्वतःचं स्वतः करता आलं नाही, आठवण राहिली नाही, तर? तिचं उत्तर होतं की स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठीच ही योजना आहे, तशी वेळ आली तर कुटुंबाने दुसरी व्यवस्था बघायची. अशा ठिकाणी पैसे गुंतवण्याआधी हा प्रश्न विचाराच, आणि उत्तर करारात कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. घर विकत मिळतंय की नुसता राहण्याचा हक्क, महिन्याचा आकार दरवर्षी किती वाढू शकतो, माणूस गेल्यावर अनामत कधी परत मिळते, हेही.

आईंना आम्ही फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले. आईंचं माहेर नारायण पेठेतलं, नदीच्या बाजूचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. घर गेलं, माणसं वाचली, आणि पुढे सगळे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहायला गेले. फोटो परत देत म्हणाल्या, "एकदा सगळं टाकून निघालेय मी. पुन्हा नको गं." त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही.

राहिला पुनर्विकास. सोसायटीतल्या दोन-तीन घरांचा त्यावर फार जीव. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयापासून त्यासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पूर्वी ७५ टक्के लागायची. त्यामुळे 'आता होईल, लवकरच होईल' हे वाक्य आमच्याकडे कायम हवेत असतं. पण आमच्या दारचा रस्ता सहा मीटरचा. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, म्हणजे बिल्डरला वर चढवायला मजले नाहीत. तिघं येऊन बघून गेले, चौथा आला नाही. आणि समजा आला असता, तरी पाडल्यापासून किल्ल्या मिळेपर्यंत तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, हे ऐंशीच्या माणसाला कसं सांगायचं?

म्हणून लिफ्ट. सोसायटीच्या सभेत पहिल्यांदा मी हा विषय मांडला तो 'आमच्या आईंसाठी' म्हणून. ही माझी चूक. सभासदांना सहानुभूती वाटली, आणि सहानुभूतीवर कोणी लाखाचा चेक देत नाही. पुढच्या सभेआधी मी बाराही घरांत गेले आणि वय विचारून यादी केली. एकोणतीस माणसं. त्यातली सतरा साठीच्या पुढची, आठ पंचाहत्तरीच्या पुढची, तिघी एकट्या राहणाऱ्या. २०११ च्या जनगणनेत देशातलं साठीपुढच्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं. आमच्या जिन्यात ते निम्म्याहून जास्त होतं. तो कागद ऑगस्टच्या सभेत फिरवला तेव्हा कुणी फार बोललं नाही, पण प्रत्येक जण आपलं घर शोधून आकडा बघत होता. माझे यजमानही त्या सतरांत आहेत, आणि या वर्षी मीही साठीची झाले.

तळमजल्यावरच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या काकांचा प्रश्न रास्त होता. "मी लिफ्टने जाऊ कुठे?" त्यांनी पैसे का द्यावेत? दोन सभा या एका मुद्द्यावर गेल्या, आवाज चढले. तोडगा निघाला तो इंजिनिअरच्या अडचणीतून, तो पुढे सांगते.

पहिल्या कंपनीने नकाशा आणला तो असा: मागच्या बाजूला आमच्या जिन्याची वळणं बाहेर आलेली आहेत, तिथे इमारतीला लागून पोलादी सांगाडा उभा करायचा आणि लिफ्ट दर वळणावर थांबवायची. म्हणजे मजल्यावर नव्हे, दोन मजल्यांच्या मध्ये. उतरल्यावर नऊ पायऱ्या चढायच्या किंवा उतरायच्या. खर्च सतरा लाख. जुन्या इमारतींना बाहेरून लावलेल्या लिफ्ट बऱ्याचदा अशाच असतात, कारण तेच सोपं आणि स्वस्त. माणूस म्हणाला, "नऊच तर पायऱ्या राहतात, मॅडम." समितीतल्या बहुतेकांनाही ते पटलं होतं. मला सभेत मुद्देसूद बोलताच येईना, नुसती तगमग. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. त्यांच्या पत्नीला पक्षाघात होऊन सहा वर्षं झालीयत. आयुष्यात कधी सभेत न बोललेला माणूस. म्हणाले, "नऊ काय आणि चोपन्न काय, हिला सारख्याच." आणि खाली बसले. त्यानंतर वळणावरच्या लिफ्टचा विषय मिटला.

दुसरा नकाशा आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढला. प्रत्येक मजल्यावर पूर्वेच्या टोकाला बोळ संपतो तिथे सिमेंटची जाळी होती, हवेसाठी. ती काढून तिथे लिफ्टचं दार. लिफ्ट थेट मजल्याच्या पातळीला. पण खाली, चार फुटांवरच, पाण्याची जमिनीखालची टाकी. लिफ्टच्या तळाला खोल खड्डा लागतो, आणि टाकीशेजारी तेवढं खणायला इंजिनिअर तयार नव्हते. त्यांनी उपाय काढला: लिफ्ट रस्त्याच्या पातळीला न आणता जोत्याच्या पातळीला थांबवायची, म्हणजे एकवीस इंच वरच मिळाले आणि खणणं तेवढं कमी झालं. मग जोत्यावरून फाटकापर्यंत उतरायला रॅम्प हवा. एकवीस इंच चढ, बारास एक, म्हणजे एकवीस फूट लांब, मध्ये एक सपाट वळण, दोन्ही बाजूंना कठडा.

आणि रॅम्प तळमजल्याच्या तिन्ही घरांना हवाच होता. हृदयाच्या आजारामुळे काकांना त्या तीन पायऱ्याही जड जात होत्या. ते फक्त बोलले नव्हते. ठराव झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये: एकूण खर्च साडेबावीस लाख, तळमजल्याला भांडवली हिस्सा नाही, वरच्यांनी मजल्याप्रमाणे एकास दोनास तीन. पहिल्या मजल्याला घरटी सव्वा लाख, दुसऱ्याला अडीच, आम्हाला पावणेचार. दुसऱ्या मजल्यावर पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना अडीच लाख एकदम शक्य नव्हते. तिघांनी मिळून त्यांचा हिस्सा भरला, त्या दरमहा चार हजार परत करतात. लेखी, इतिवृत्तात नोंद करून. उपकार वाटू नयेत म्हणून त्यांनीच तसा आग्रह धरला.

कागदपत्रांत चार महिने गेले ते आमच्याच निष्काळजीपणाने. बाजूच्या मोकळ्या जागेत बांधकाम म्हणजे महापालिकेची परवानगी, त्यासाठी मंजूर नकाशा हवा, आणि आमची मूळ प्रत आजवरच्या कोणत्या सेक्रेटरींच्या कपाटात राहिली ते कुणाला माहीत नाही. ज्यांच्या सोसायट्या जुन्या आहेत त्यांनी मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर त्याचा दस्त, हे एका फायलीत आजच लावून ठेवावं.

लिफ्ट सहा माणसांची की आठ, यावर मी पुन्हा अडून बसले. सहा माणसांच्या लिफ्टचं दार सातशे मिलिमीटर, आठ माणसांचं आठशे. व्हीलचेअर साधारण साडेसहाशेची. सातशेच्या दारातून जाताना ढकलणाऱ्या माणसाच्या किंवा बसलेल्याच्या हाताची सालं निघतात. आठचीच घेतली. वीज गेली तर बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत येऊन दार उघडणारं यंत्र, ज्याला लिफ्टवाले एआरडी म्हणतात, तेही. स्ट्रेचर मात्र हिच्यातही आडवं मावत नाही. त्याला जागाच नव्हती. ती उणीव राहिली.

मे २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली आणली: नऊशे मिलिमीटरची दारं, जिन्याला दोन्हीकडे कठडे, एका सलग टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, बाथरूममध्ये आधाराचे दांडे आणि बाहेर उघडणारं दार. ती नव्याने बांधून विकायच्या प्रकल्पांसाठी आहे, आमच्यासारख्या जुन्या घरांना लागू नाही. तरी मी ती छापून आणली आणि पेन्सिल घेऊन आमच्या घराशी ताडून पाहिली. दारात आम्ही तीन-साडेतीन इंच कमी पडलो. बाकी बरंचसं जमलं होतं. पण पुण्यातली बहुसंख्य म्हातारी माणसं नव्या प्रकल्पांत राहत नाहीत, आमच्यासारख्या जिन्यांवर राहतात. त्यांच्या घरांसाठी अशी पुस्तिका, आणि लिफ्टसाठी सोसायट्यांना स्वस्त कर्ज, हे कोणीतरी करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

परवाना मिळून लिफ्ट सुरू झाली ती २०२४ च्या दिवाळीत, पाडव्याला. आई चौऱ्याऐंशीच्या. सकाळपासून नेसून बसलेल्या. वॉकर घेऊन निघाल्या, बटण मी दाबलं, दार उघडलं, आणि त्यांचा एक पाय आत असतानाच दार मिटायला लागलं. सेन्सरने थांबलं, पण आई घाबरून मागे सरल्या आणि घरात येऊन बसल्या. दुपारी कंपनीच्या मुलाला बोलावलं. मोबाइलच्या घड्याळावर मोजलं: आईंना उंबरा ओलांडून आत जाऊन वळायला अकरा सेकंद लागत होते, दार चार सेकंदांत मिटत होतं. त्याने आत काहीतरी जुळवून ते पंधरा सेकंद केलं. पाच मिनिटांचं काम. तरुण सभासदांची आता कुरकुर असते की दार फार वेळ उघडं राहतं. राहू दे.

संध्याकाळी त्या पुन्हा निघाल्या. या वेळी माझा हात धरला नाही. खाली रॅम्पच्या सपाट वळणावर तळमजल्यावरचे काका खुर्ची टाकून बसले होते, ते उठून उभे राहिले. फाटकाशी पोचल्यावर आई बराच वेळ नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वडाची फांदी तोडली का कुणी?" दोन वर्षांपूर्वी तोडली होती.

फाटकापासून फुलवाल्याचा कोपरा माझ्या पावलांनी एकशेचाळीस आहे. आईंना ते अंतर एका दमात जात नाही. फुटपाथ मध्येच दहा इंच उंच, मध्येच नाही, आणि अख्ख्या गल्लीत टेकायला एकही जागा नाही. क्षेत्रीय कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज दिलाय, दोन बाक आणि फुटपाथच्या टोकांना उतार, एवढंच मागितलंय. तोवर मधल्या वाण्याने आपणहून दुकानाबाहेर एक स्टूल ठेवलंय. आई तिथे बसतात, दम खातात, समोरून कोण जातंय ते बघतात आणि मग पुढे जाऊन शेवंती स्वतः निवडून घेतात. फुलपुडी बंद केली. स्टूल त्यांना तीनेक इंच बुटकं पडतं, उठताना वाण्याच्या बरणीला हात लावावा लागतो. रविवारी त्यावर एक पाट ठोकून द्यायचाय.